पित्तनलिकेची सिस्ट नुसती रिकामी करून का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चार वर्षांची. गेल्या पाच महिन्यांत दोनदा पोटात जोराचे दुखले, उलट्या झाल्या. दुसऱ्या वेळी डोळेही पिवळे दिसले आणि रक्तातले अमायलेज (स्वादुपिंडाचे एक पाचक द्रव्य) वाढलेले निघाले. एमआरसीपीच्या (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचे एमआरआय चित्र) अहवालात लिहिले आहे, ‘टाइप १ कोलेडोकल सिस्ट, रुंदी २.६ सेंमी., कॉमन चॅनेल १४ मि.मी.’ म्हणजे यकृताबाहेरची पित्तनलिकाच फुग्यासारखी फुगली आहे. बालशल्यचिकित्सकांनी सिस्ट आणि पित्ताशय दोन्ही काढून यकृताखालच्या नळीला थेट आतडे जोडायचा सल्ला दिला आहे. आता मुलगी खाते-खेळते, दुखणे नाही. मग एवढी मोठी शस्त्रक्रिया हवीच का, एन्डोस्कोपीने स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घालून किंवा सिस्टलाच आतडे जोडून भागणार नाही का, वर्षभर थांबले तर काय बिघडेल, दुर्बिणीतून करावी की पोट उघडून, आणि पित्ताशय नसताना तिला अन्न पचेल कसे, असे तिच्या वडिलांनी विचारले आहे.

तुमच्या हातातल्या अहवालात २.६ सेंमी. या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. माझे आधी जाते ते १४ मि.मी.कडे. सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिथून निघतात, म्हणून तेवढे नीट समजून घ्या.

यकृतातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी या दोन्ही शेवटी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, एकाच तोंडाने उघडतात. एरवी त्या आतड्याच्या भिंतीतच एकत्र येतात आणि भोवतीचा गोल स्नायू दोन्ही रस आपापल्या वाटेने ठेवतो. तुमच्या मुलीच्या या दोन नळ्या भिंतीच्या बऱ्याच आधी, बाहेरच जुळल्या आहेत. तिथपासून आतड्यापर्यंतची सामाईक नळी म्हणजे कॉमन चॅनेल. मुलांमध्ये ती ५ मि.मी.च्या वर गेली की आम्ही लांब धरतो, १४ मि.मी. म्हणजे शंकेला जागा नाही. संगमावर स्नायूचा ताबा नाही आणि स्वादुपिंडाच्या नळीतला दाब पित्तनलिकेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे पचवण्याचा तो तिखट रस उलटा पित्तनलिकेत चढतो. बॅबिट या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने १९६९ मध्ये ही मांडणी केली. गर्भातच सोनोग्राफीत दिसणाऱ्या सिस्टचा उलगडा तिने पूर्ण होत नाही, कारण त्या वयात स्वादुपिंड फारसा रस बनवतच नाही. पण चार वर्षांच्या, अमायलेज वाढलेल्या मुलीच्या बाबतीत ती चपखल बसते. शस्त्रक्रियेत सिस्टमधले पित्त तपासायला पाठवले की त्यात अमायलेज हजारोंच्या घरात निघते, एरवी ते तिथे जवळपास नसायला हवे.

आता दुखणे आपोआप का थांबले तेही सांगते. रस आणि पित्त मिसळले की प्रथिनांचे मऊ खडे, प्रोटीन प्लग, तयार होतात. असा एखादा प्लग सामाईक नळीच्या अरुंद तोंडाशी अडकला की वरचा दाब वाढतो: पोट दुखते, उलट्या होतात, अमायलेज चढते, कधी कावीळ दिसते. दोन-चार दिवसांत प्लग विरघळतो किंवा सरकून आतड्यात पडतो आणि मूल पुन्हा पळायला लागते. पालकांना वाटते औषध लागू पडले. संगम मात्र होता तिथेच असतो.

यावरून स्टेंटचे आणि सिस्टला आतडे जोडण्याचे उत्तर मिळते. १९६०-७० पर्यंत जगभर यांतली दुसरी शस्त्रक्रियाच होत असे: सिस्ट जागेवर ठेवून तिलाच ड्युओडेनम किंवा लहान आतडे जोडायचे. सोपी, कमी रक्तस्रावाची, तासा-दोन तासांत होणारी. पण सिस्टची भिंत आतून सोललेली, अस्तर खराब झालेले. तिथे केलेला जोड आकसतो. पोकळीत पित्त साचते, आतड्यातले जंतू वर येतात, खडे होतात, थंडी वाजून ताप येतो. आणि स्वादुपिंडाचा रस त्याच अस्तरावर वर्षानुवर्षे पडत राहतो. जुन्या आणि सतत उद्‌धृत होणाऱ्या एका मांडणीप्रमाणे या आजारात कर्करोगाचे प्रमाण वयाच्या पहिल्या दहा वर्षांत एक टक्क्याहून कमी, तर विशीनंतर १४ टक्क्यांच्या आसपास असते. सिस्ट तशीच ठेवून नुसते आतडे जोडलेल्यांत कर्करोग आणखी लवकर आलेला दिसतो. म्हणून ही पद्धत सोडून दिली गेली. ज्यांच्या लहानपणी तशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि आज त्रास नसेल, त्यांनीही एकदा यकृत-पित्तनलिकेच्या सर्जनला जरूर दाखवावे; सिस्ट अजून आत असेल तर ती काढण्याचा विचार करावा लागतो.

स्टेंटला या आजारात जागा आहे, पण ती तात्पुरती. पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग अँटिबायोटिकने आटोक्यात येत नाही, किंवा प्लग अडकून कावीळ वाढतच आहे, अशा वेळी ईआरसीपी (तोंडातून एन्डोस्कोप घालून पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत पोचणे) करून काही आठवड्यांसाठी वाट मोकळी करतात. दोन रस वेगळे करण्याचे काम स्टेंट करत नाही. एन्डोस्कोपीवर भागते ते टाइप ३ मध्ये, जिथे नळीचे फक्त आतड्याच्या भिंतीतले टोक फुगलेले असते. कुणाचे नुसत्या एन्डोस्कोपीवर भागले असे तुम्ही ऐकले असेल, तर ते बहुधा त्या प्रकाराचे असावे. प्रकारांची ही क्रमवारी तोदानी या जपानी सर्जनने १९७७ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. टाइप २ म्हणजे नळीच्या बाजूला आलेली पिशवी, ती बहुतेकदा तेवढीच कापता येते. टाइप ४-ए मध्ये यकृताच्या आतल्या नळ्याही फुगलेल्या असतात. टाइप ५ म्हणजे कॅरोलीचा आजार. तो फक्त यकृताच्या आतच असतो आणि त्याचे गणित पूर्ण वेगळे, अगदी यकृताचा भाग काढण्यापासून प्रत्यारोपणापर्यंत जाणारे.

थांबण्याबद्दल. काही आठवडे थांबणे चूक नाही, उलट ते हवेच. सूज ताजी असताना हात घातला तर सगळे ऊतक रक्ताळलेले आणि ठिसूळ असते, टाके धरत नाहीत. स्वादुपिंडाची सूज उतरून, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे रंगद्रव्य) आणि अमायलेज खाली येऊन चार ते सहा आठवडे गेले की मी तारीख देते. कावीळ झाली होती म्हणून रक्त गोठण्याची तपासणी, पीटी-आयएनआर, आधी पाहायची. वाढलेली असेल तर व्हिटॅमिन के देऊन ती सुधारायची. वर्षभर थांबणे मात्र मी टाळायला सांगेन. कर्करोगाची भीती चौथ्या वर्षी नाही. पण प्रत्येक झटक्यानंतर सिस्टची भिंत जाड होते आणि मागच्या पोर्टल व्हेनला (आतड्यातले रक्त यकृतात नेणारी मोठी शीर) चिकटत जाते. आज दोन बोटांत सुटणारा थर वर्षाने कातळासारखा होतो. अडथळा टिकला तर यकृतात फायब्रोसिस (तंतू साठून कडकपणा) सुरू होते. आणि काही मुलांत सिस्ट अचानक फुटते. तेव्हा पोट ताठ व फुगलेले, मूल निपचित, ताप. हे दिसले तर रात्र न काढता रुग्णालय गाठायचे. फुटलेल्या सिस्टमध्ये बहुतेक वेळा आधी फक्त नळी घालून पित्त बाहेर काढतात आणि मुख्य शस्त्रक्रिया नंतर करतात, म्हणजे एकाच्या दोन होतात. या मधल्या काळात थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शी, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही दिसले तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आता शस्त्रक्रियेत नक्की काय होते ते. तीन ते पाच तास लागतात. त्यातला वेळ बहुतेक दोन टोकांवर जातो, खालच्या आणि वरच्या, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे कशी जाणार हे तिथेच ठरते.

सुरुवातीला पित्ताशयातून रंगद्रव्य घालून एक्स-रे काढते. एमआरसीपी चांगले असले तरी लहान मुलांत श्वासाच्या हालचालीने चित्र हलते, आणि उजव्या बाजूची एखादी नळी थेट सिस्टमध्ये किंवा पित्ताशयाच्या नळीत उघडत असेल तर ती निसटते. ती न ओळखता कापली गेली तर यकृताचा तेवढा भाग पित्त टाकायला वाटच शोधत राहतो. दुसरी काळजी उजव्या यकृत-धमनीची. ती साधारण पित्तनलिकेच्या मागून जाते, पण काहींत पुढून ओलांडते. तशी असेल तर नवा जोड धमनीच्या पुढे आणावा लागतो, नाहीतर धमनी जोडावर दाबून बसते.

सिस्ट मोकळी करताना तिच्या भिंतीला अगदी लगटून राहायचे. सूज फार असेल तर समोरून सिस्ट उघडून आतून बघत काम करणे सुरक्षित. मागची भिंत पोर्टल व्हेनला घट्ट चिकटली असेल तर ती ओढून काढायचा हट्ट धरायचा नाही. बाहेरचा तंतुमय थर शिरेवर तसाच ठेवून आतले अस्तर सोलून काढायचे. अमेरिकी सर्जन लिली यांनी सांगितलेली ही युक्ती आहे आणि तिने कितीतरी मुलांच्या पोर्टल व्हेन वाचल्या आहेत.

खालचे टोक स्वादुपिंडात शिरते आणि निमुळते होते. ते निमुळते होईपर्यंत पाठलाग करायचा. लवकर थांबलो तर स्वादुपिंडात सिस्टचा शेंडा राहतो. त्यात प्लग साचून पुढे पुन्हा स्वादुपिंडाला सूज येते, खडे होतात, आणि तिशी-चाळिशीत कर्करोगही तिथेच येऊ शकतो. फार खाली गेलो तर स्वादुपिंडाची मुख्य नळीच जखमी होते. हा मिलिमीटरांचा हिशेब एक्स-रेवरचा संगम आणि उघडलेल्या सिस्टमधून दिसणारे भोक यांच्या आधाराने करायचा असतो. तोंड बंद करण्यापूर्वी बारीक कॅथेटर घालून सलाइनने सामाईक नळी धुते. पाणी विनाअडथळा आतड्यात जाईपर्यंत धुवायचे. प्लग आत ठेवून टाका मारला तर आठवड्याभरात स्वादुपिंडाची सूज घेऊन मूल परत येते.

वरच्या टोकाला उलट चूक होते. डाव्या-उजव्या नळ्यांच्या संगमाच्या जरा खाली नळी कापली आणि तशीच आतडे लावले, असे चालत नाही. आत डोकवायचे. या आजारात तिथे पडदे किंवा अरुंद कडी असतात. त्या राहिल्या की जोड कितीही सुबक असला तरी वरच्या नळ्यांत खडे साचतात. पडदा छाटायचा, आणि तोंड लहान वाटले तर डाव्या नळीच्या पुढच्या भिंतीवर चीर वाढवून ते रुंद करायचे. पित्ताशय निघतेच, कारण त्याच्याही अस्तरावर तोच रस पडत आला आहे. शिवाय सिस्ट गेल्यावर पित्ताशयाची नळी उघडायला जागाच उरत नाही.

मग आतडे. ड्युओडेनम जिथे संपते तिथून १५ ते २० सेंमी. पुढे लहान आतडे कापून खालचे टोक मोठ्या आतड्याच्या पडद्यातल्या खिडकीतून वर आणायचे आणि पित्तनलिकेला जोडायचे. कापलेले वरचे टोक त्याच आतड्याला खाली जोडायचे. रू या स्विस सर्जनच्या नावाने हा जोड ओळखला जातो. प्रौढांत वर आणलेल्या आतड्याची लांबी ४० सेंमी. धरतात, चार वर्षांच्या मुलीत मी ३०च्या आसपास ठेवते. फार आखूड केले तर अन्न वर चढते. फार लांब ठेवले तर मूल वाढताना ते वळते, त्यात पित्त तुंबते. जोडाच्या पलीकडचा बंद शेंडा एक-दीड सेंमी.पेक्षा जास्त ठेवू नये, कारण वयाबरोबर त्याची पिशवी होते. टाके ५-० किंवा ६-० जाडीच्या, म्हणजे अगदी बारीक, विरघळणाऱ्या एकेरी धाग्याचे, पुढच्या बाजूच्या गाठी बाहेर. न विरघळणारा धागा आत राहिला तर त्याच्याभोवती खडा जमतो. आणि आतड्याच्या पडद्यात उरलेल्या फटी बंद करायच्याच. दोन मिनिटांचे काम आहे. ते राहिले तर त्या फटीत आतडे अडकून पीळ बसू शकतो.

काही सर्जन आतडे वर आणण्याऐवजी थेट ड्युओडेनमला जोड देतात. ते वाईट नाही: वेळ कमी लागतो, एकच जोड असतो, पुढे एन्डोस्कोपी तिथपर्यंत पोचते. माझा आक्षेप पित्त जठरात उलटे येण्याला आहे, ते काही मुलांना बराच त्रास देते. तुमच्या सर्जनचा हात त्यावर बसलेला असेल आणि त्यांनी हे तुम्हाला समजावले असेल तर तेवढ्यासाठी डॉक्टर बदलू नका.

दुर्बीण की उघडी? दुर्बिणीतून कोलेडोकल सिस्ट पहिल्यांदा १९९५ मध्ये काढली गेली, आता अनेक केंद्रांत ती नेहमीची झाली आहे. दुखणे कमी, व्रण लहान, घरी लवकर जाता येते, पुढे चिकट्याही कमी. पण वर सांगितलेली दोन्ही टोके दुर्बिणीतूनही तितकीच काटेकोर व्हायला हवीत. यकृताखालची नळी ३-४ मि.मी.चीच असेल, किंवा सूज फार असेल, तर दुर्बिणीतले टाके अवघड जातात, आणि मध्येच पोट उघडायचा निर्णय घेणारा सर्जन शहाणा समजावा. निवड माणसावर ठरवा, पद्धतीवर नको. सरळ विचारा: वर्षाला अशा किती करता? शस्त्रक्रियेत रंगद्रव्याचा एक्स-रे काढता का? खालचे टोक कुठपर्यंत नेता? जोडातून पित्त गळले तर त्वचेतून नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट इथेच आहेत का? मुलांचे आयसीयू आणि मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. महाराष्ट्रात असाल तर कोणत्या सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारा.

अहवालावरून मला सांगता न येण्यासारखे काही आहे. यकृताच्या आतल्या नळ्या थोड्या फुगलेल्या दिसत असतील तर त्या नुसत्या दाबामुळे फुगल्या आहेत की हा खरा ४-ए आहे, हे पुष्कळदा सिस्ट काढल्यानंतरच कळते. दाबाच्या असतील तर काही महिन्यांत पूर्ववत होतात. यकृताची अवस्था बायोप्सीचा छोटा तुकडा सांगतो. सूज किती आहे ते पोट उघडल्यावरच दिसते.

शस्त्रक्रियेनंतर नाकातली नळी दोन-तीन दिवस, आतडे चालू लागले की पाणी, मग पेज, मऊ भात. पोटातल्या ड्रेनमधून पित्ताचा रंग आला तर घाबरू नका. लहान गळती बहुधा ड्रेन ठेवून, वाट पाहून बंद होते. वाढत गेली, ताप आला, पोट फुगले तर मात्र पुन्हा बघावे लागते. सगळे सरळ गेले तर पाच ते आठ दिवसांत घरी. जेवणाची चिंता सोडा. पित्त यकृतात बनते, पित्ताशय ते फक्त साठवते. नव्या वाटेने पित्त आतड्यात दिवसभर थेंबथेंब येत राहते आणि लहान मुले त्याला चटकन सरावतात. महिन्याभरात घरचे नेहमीचे जेवण, तूप-भातासकट, चालते.

एक अवांतर, पण ते न लिहिता पुढे जाववत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तान्हे बाळ असेल, सोनोग्राफीत यकृताखाली लहानशी सिस्ट दिसली असेल आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकून शी पांढुरकी, मातकट होत असेल, तर ती साधी कोलेडोकल सिस्ट नसून बिलियरी अट्रेशियाचा (पित्तनलिकाच बंद होण्याचा आजार) सिस्ट असलेला प्रकार असू शकतो. तिथे चार-सहा आठवडे थांबणे परवडत नाही. जपानी सर्जन कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता बरीच चांगली असते. बाळाच्या शीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकाला दाखवा.

तुमच्या मुलीकडे परत येऊ. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात लिव्हर फंक्शन टेस्ट आणि सोनोग्राफी. त्यानंतर दरवर्षी एकदा, आयुष्यभर. जोड पाच-दहा वर्षांनीही आकसू शकतो. त्याची पहिली खूण कावीळ नसते, ती असते थंडी वाजून येणारा ताप किंवा तपासणीत वाढलेले अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी, ही रक्तात मोजायची दोन एन्झाइमे. वाढत्या मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमुळेही जास्त असते, म्हणून जीजीटी सोबत बघायचे. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि त्यात जोड कुठे केला, वर आणलेल्या आतड्याची लांबी किती, खालचे टोक पूर्ण निघाले की काही राहिले, मागची भिंत काढली की फक्त अस्तर सोलले, आणि सिस्ट व यकृताच्या बायोप्सीचे निकाल, हे लिहिलेले आहे याची खात्री करा. विशी-तिशीत ती दुसऱ्या शहरात किंवा देशात असेल, कदाचित गरोदर असेल, आणि ताप आला तर तिथल्या डॉक्टरला नेहमीची ईआरसीपी करताच येणार नाही, कारण एन्डोस्कोप त्या लांब वळणातून जोडापर्यंत सहज पोचत नाही. त्वचेतून यकृतात नळी घालायची की खास लांब एन्डोस्कोप मागवायचा, हे तो त्या कागदावरूनच ठरवेल.